मासेमारीसाठी सुट्टी काढून कोकणात गेलो, वादळामुळे बोट निघालीच नाही आणि अर्धा ॲडव्हान्सही गेला. पुन्हा जावं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. पुन्हा जावं का, हवामान फिरलं तर तिथे बसून काय करायचं, आणि बोट निघालीच नाही तरी बोटवाल्याने अर्धा ॲडव्हान्स कापला हे योग्य का. पहिल्याचं उत्तर सरळ आहे, जरूर जा. तिसऱ्याचं उत्तर तुम्हाला आवडेलच असं नाही. त्या बोटवाल्याने काही वावगं केलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं. का, ते सांगायचं तर आमची २०१९ ची दिवाळी सांगावी लागेल. तुमच्या वाट्याला जे आलं ते सगळं त्या दिवाळीत आमच्याही वाट्याला आलं होतं, वर आणखी थोडं.

मी कोल्हापूरचा. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला होता. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी चढलं ५५ फुटांच्या वर. बहिणीच्या घराचा तळमजला कितीतरी दिवस पाण्याखाली होता. चिखल काढता काढता गणपती गेले, दसरा गेला. शेवटी मेहुणाच म्हणाला, दिवाळीत पोरांना घेऊन देवगडला जाऊ. आम्हा दोघांनाही गळाचा नाद लहानपणापासूनचा, नदीवर मरळ आणि वाम धरत वाढलेलो. भाचा तेव्हा सातवीत होता. समुद्रातला मासा स्वतः ओढून काढायचा, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं आणि महिनाभर तो दुसरं काही बोलत नव्हता.

ओळखीतून एका तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्या मच्छीमाराची, फायबरची छोटी होडी ठरवली. पहाटे निघायचं, बंदराबाहेरच्या खडपांवर, म्हणजे पाण्यातल्या खडकांवर, तांबोशी आणि गोबरा या माशांसाठी गरी (आमिष लावलेला गळ) टाकायची, येताना चालत्या होडीमागे गरी सोडून सुरमई बघायची, दुपारी परत. दसरा झाला की समुद्र निवळतो, तेव्हा बेत तसा रीतीला धरूनच होता.

पण त्या वर्षी काहीच रीतीने चाललं नव्हतं. मोसमी पावसाला राजस्थानातून परत फिरायलाच ९ ऑक्टोबर उजाडला. हिंद महासागराचा पश्चिमेकडचा भाग नेहमीपेक्षा तापलेला होता, हवामानवाले त्याला पॉझिटिव्ह इंडियन ओशन डायपोल म्हणतात, आणि २०१९ चा डायपोल गेल्या काही दशकांतला सर्वांत जोरदार होता. तापलेल्या पाण्यावर वादळं पोसतात. २४ ऑक्टोबरला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा घट्ट झाला, दुसऱ्या दिवशी त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला क्यार हे नाव मिळालं. म्यानमारने दिलेल्या यादीतलं हे नाव. २७ तारखेपर्यंत ते सुपर सायक्लोन झालं होतं. अरबी समुद्रात २००७ च्या गोनूनंतर एवढं मोठं वादळ झालेलं नव्हतं. त्या २७ तारखेलाच नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन होतं.

आमची रड घाटातच सुरू झाली. करूळ घाटात धुकं आणि पाऊस इतका की पुढच्या गाडीचा मागचा दिवा दिसेना. घाट उतरलो आणि तळेऱ्याच्या अलीकडे क्लच प्लेट गेली. गॅरेज मिळालं, पण मेकॅनिक दिवाळीला गावी गेलेला. त्याचा धाकटा भाऊ शेजारच्या गावातून पार्ट घेऊन येईपर्यंत संध्याकाळ झाली. सामान काढता-घालताना मेहुण्याच्या नव्या रॉडचं टोक गाडीच्या दारात सापडून मोडलं. देवगडला पोहोचलो तेव्हा वीज नव्हती, आणि ती पुढेही येत-जात राहिली. आमिषासाठी घेतलेली कोळंबी आमच्या घरमालकीण काकींच्या फ्रीजरमध्ये ठेवली होती, ती काळी पडून वास मारायला लागली आणि फेकून द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जेटीवर गेलो. बंदरावर धोक्याचा बावटा चढलेला. तांडेलकाका होडीत नव्हतेच, वर टपरीपाशी उभे होते. आम्हाला बघून त्यांनी आधी भाच्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग म्हणाले, "भावानू, आज जावचा नाय. वारो फिरलो हा." मेहुण्याने विचारलं, "काका, निदान बंदराच्या तोंडापर्यंत तरी?" त्यावर ते म्हणाले, "तोंडारच खरो खेळ आसता."

त्या वाक्याचा अर्थ आम्ही वर किल्ल्याच्या बाजूला जाऊन डोळ्यांनी पाहिला. बाहेर समुद्र नुसता फुगून येत होता, लाट फुटत नव्हती. बंदराच्या तोंडाशी पाणी उथळ होतं तिथे मात्र तीच लाट उभी राहून आडवी कोसळायची. आत बंदरात पाणी बऱ्यापैकी शांत, बाहेर लांबवर होडी तगू शकेल असं वाटणारं, आणि मधल्या त्या पट्ट्यात काहीच टिकलं नसतं.

हे जरा नीट सांगतो, कारण पर्यटक नेमके इथेच फसतात. पाऊस थांबला, ऊन पडलं, वारा कमी झाला की आपल्याला वाटतं वादळ गेलं. क्यार किनाऱ्याला लागलंच नाही. काहीशे किलोमीटर बाहेरून ते ओमानच्या दिशेने निघून गेलं. पण खोल समुद्रात वादळाने उठवलेल्या लांब लाटा वादळ दूर गेल्यावरही किनाऱ्यावर येत राहतात. त्यात अमावास्येचं उधाण. समुद्राचं पाणी मुळात जास्त चढलेलं आणि त्यावर ह्या लाटा. मालवणजवळ देवबागसारख्या गावांत पाणी वस्तीत शिरलं. आभाळ निळं असताना कातळावर उभं राहून गरी टाकणाऱ्याला अशी एकच लाट पुरते. बराच वेळ काही येत नाही, कातळ कोरडा दिसतो, आणि मग एक येते ती थेट कमरेवर. वादळानंतरचे दोन-तीन दिवस कातळावरची मासेमारी पूर्ण बंद, हे मी कुणालाही हात जोडून सांगेन.

बंदराच्या आत जे दृश्य होतं ते मी जन्मात विसरणार नाही. देवगड हे नैसर्गिकरीत्या सुरक्षित बंदर आहे. वादळ आलं की गुजरातपासून केरळ-तमिळनाडूपर्यंतच्या बोटी आसऱ्याला इथे शिरतात. त्या दिवाळीत बोटीला बोट बांधून बंदर भरलं होतं, एका काठावरून नुसतं बोटींवर पाय ठेवत बरंच आत जाता आलं असतं. काठ्यांवर ओले कपडे, स्टोव्हवर भात, कुठल्या बोटीवर गुजराती, कुठल्या बोटीवर कन्नड. जेटीवर एका गुजराती खलाशाशी बोलणं झालं. मासळी होती पण बर्फ वितळत चालला होता, त्यामुळे मालकाने ती इथेच मिळेल त्या भावाला काढायला सांगितली होती. त्याने फोनवर मला त्याच्या मुलीने घरी काढलेल्या रांगोळीचा फोटो दाखवला. त्यांचं नवं वर्ष आपल्या पाडव्याच्या दिवशी सुरू होतं, त्या दिवशी तो घरी जाणार होता.

आणि काठावरचं भात. घाट उतरल्यापासून दोन्ही बाजूंना कापून ठेवलेलं भात पाण्यात पडलेलं दिसत होतं. काकींच्या दिराच्या शेतात लोंब्यांना कोंब आले होते. काकींनी पहाटे आम्हाला उठवून अंगणात कारीट फोडायला लावलं, पाच तऱ्हांचे पोहे केले, भाच्याला कौतुकाने वाढलं, आणि मागच्या दारी जाऊन दिराशी त्या भाताबद्दल हलक्या आवाजात बोलत राहिल्या. जेवणात ताजी मासळी नव्हतीच. समुद्राच्या काठावर राहून आम्ही सुका बांगडा, कुळथाची पिठी आणि सोलकढी खाल्ली. ती पिठी इतकी चांगली होती की पुढच्या वेळेला मी मुद्दाम मागून खाल्ली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. समुद्र बंद झाला तरी खाडी बंद होत नाही. पाऊस थांबला की खाडीच्या आतल्या अंगाला, जिथे लाट पोहोचत नाही, तिथे गरी टाकता येते. गढूळ पाणी आणि वरून आलेलं गोडं पाणी यांमुळे मासे जागा बदलतात, पण तांबोशी, जिताडा, काळुंदर, शेंगाळा हे खाडीतलेच गडी. ते दगड, पडके धक्के, कांदळवनाची मुळं यांच्या आडोशाला धरून राहतात. नव्या कोळंबीसाठी आम्ही खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणाऱ्या एका म्हाताऱ्या आजोबांना गाठलं. त्यांनी मूठभर जिवंत कोळंबी दिली, पैसे घेतले नाहीत, आणि वर भरतीचं गणित शिकवलं.

ते गणित तुम्हीही पाठ करा, फोनला रेंज नसली तरी चालतं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दिवसाही आणि रात्रीही साधारण तीच वेळ, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी. उधाणाला खाडीतला ओढ इतका असतो की शिसं तळाला थांबत नाही, भांगाला गरी हवी तिथे राहते. नवशिक्याने खाडीसाठी भांगाचे दिवस धरावेत. आम्ही नेमके उधाणात होतो.

भाऊबीजेला द्वितीया, म्हणजे दीडच्या सुमाराला पूर्ण भरती. पाणी चढत असताना आम्ही एका जुन्या दगडी धक्क्यापाशी बसलो. आधी केंड आले. हा फुगणारा मासा, चोचीसारखे दात असतात, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, कातरीने कापावं तसं कापतो. विषारी आहे, खायचा विचारही करू नका. त्याने आमच्या बऱ्याच गऱ्या नेल्या. मग भाच्याच्या रॉडला खरा झटका आला. रीळ ओरडत सुटलं. मासा पाण्याच्या वर एकदा वळला तेव्हा तांबूस अंग स्पष्ट दिसलं, तांबोशी, माझ्या अंदाजाने दोन किलोची तरी. मेहुणा ओरडत होता, "ढील दे, ढील दे!" पोराने ढील दिलीही बरोबर. पण तांबोशी गरी लागली की सरळ दगडात शिरते आणि त्या दगडांवर कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले, होती. कालवाची धार ब्लेडसारखी असते. तंगूस सैल पडलं. ओढून पाहिलं तर टोकाचा हातभर भाग खरवडून पांढरा पडलेला होता आणि तिथेच तुटला होता. भाचा काही बोलला नाही, नुसता ते टोक बोटांवर फिरवत बसला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने त्याला एक शेंगाळा लागला, वीतभर. आनंदाच्या भरात त्याने गरी काढायला तो मुठीत धरला. शेंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूच्या पंखांपाशी एकेक असे तीन काटे असतात, करवतीसारखे दाते असलेले आणि विषारी. बाजूचा काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला. पोरगं कळवळलं, हात मनगटापर्यंत सुजला. आम्ही घरी पळालो. काकींनी काही न विचारता चुलीवरचं पाणी परातीत ओतलं, स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं आणि त्याचा हात त्यात धरून ठेवला. पाणी निवलं की पुन्हा गरम. अर्ध्या-पाऊण तासात त्याचं रडणं थांबलं. नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं की हे विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून सोसवेल इतकं गरम पाणी हाच पहिला उपाय. भाजेल इतकं नाही, आधी मोठ्या माणसाने स्वतःचा हात घालून बघायचं. त्यांनी काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना ते पाहिलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तेव्हापासून माझ्या पिशवीत पक्कड आणि जाड फडकं कायम असतं, आणि मुलं बरोबर असतील तर गरम पाण्याचा थर्मासही.

निघायच्या दिवशी तांडेलकाका भेटायला आले आणि त्यांनी ॲडव्हान्सचे पैसे पुढे केले. मेहुण्याने अर्धे तरी ठेवून घ्या म्हणून त्यांच्या खिशात कोंबले. नको नको म्हणत शेवटी त्यांनी घेतले.

आता तुमच्या बोटवाल्याकडे या डोळ्यांनी बघा. आदल्या दिवशी त्याने पेट्रोल भरलेलं असतं, बर्फ आणि आमिष घेतलेलं असतं, एका खलाशाला थांबायला सांगितलेलं असतं, आणि त्याच दिवसासाठी आलेलं दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलेलं असतं. समुद्रावर तो वर्षाचे बारा महिने जाऊ शकत नाही. त्या वर्षी पावसाळी मासेमारीबंदीच १ जून ते ३१ जुलै होती, पुढे पावसाळी समुद्र, आणि सुटला सुटला म्हणेपर्यंत क्यार. आम्ही घरी पोहोचलो तोच ३० ऑक्टोबरला महा नावाचं दुसरं वादळ अरबी समुद्रात उभं राहिलं. बोटी बाहेर पडायच्या त्या पुन्हा दोर बांधून बसल्या. वायू, हिक्का, क्यार, महा आणि डिसेंबरात पवन, एका वर्षात पाच चक्रीवादळं एकट्या अरबी समुद्रात. पुढच्या वर्षी राज्य सरकारला क्यार आणि महामुळे बुडालेल्या मच्छीमारांसाठी खास मदत जाहीर करावी लागली, यावरून नुकसान किती होतं ते लक्षात येईल. आपली सुट्टी गेली, त्यांचा हंगाम गेला.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्याने "नाही" म्हटलं. ॲडव्हान्स परत द्यावा लागेल या भीतीने जो तांडेल वाईट समुद्रात होडी घालेल, त्याच्या होडीत तुम्ही पोरांना घेऊन बसाल का? म्हणून मी आता ठरवतानाच बोलून घेतो की समुद्र बंद झाला तर अर्धे पैसे तुमचे, आणि उरलेले पुढच्या खेपेला वळते करा. हे आधी ठरलं की नाही म्हणताना त्याच्यावर दडपण राहत नाही आणि आपल्यालाही वाईट वाटत नाही. तुमच्याशी त्याने हे आधी बोलायला हवं होतं, एवढं मात्र खरं.

पुन्हा जायचं तर दिवाळीचा आग्रह सोडा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा काळ, पहिला मे-जूनचा. शाळांच्या सुट्ट्या नेमक्या याच काळात येतात, हे दुर्दैवच. मला स्वतःला जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत चांगला वाटतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो तोवर समुद्र सपाट राहतो, दुपारी खारा वारा सुटला की परतायचं. तारीख ठरवताना आधी पंचांग बघा, अष्टमी मध्ये येईल असे दिवस धरा. जायच्या आधी हवामान खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या सूचना बघा, आणि हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज आणि इशारे देते तेही बघा. पावसाच्या अंदाजापेक्षा लाटांचा अंदाज महत्त्वाचा. मुक्काम असा निवडा की समुद्र आणि खाडी दोन्ही जवळ असतील. देवगड, विजयदुर्ग, आचरा ही तशी गावं आहेत. बोटवाल्याला प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का ते विचारा, मुलांच्या मापाचं नसेल तर घरून न्या.

आम्ही नंतर थंडीत पुन्हा गेलो, त्याच काकांच्या होडीतून. भाच्याने खडपावर एक गोबरा काढला, तांबोशी अजून मिळालेली नाही. तुमचा महिना ठरला आणि देवगडच्या बाजूलाच जाणार असाल तर इथे खाली लिहा. मुलांना घेऊन निवांत बसता येईल अशा खाडीकाठच्या जागा आणि त्या दिवसांच्या भरतीच्या वेळा काढून देतो.